मातृभाषा आईची, मग जात एकट्या वडिलांची का?

माननीय महानिबंधक आणि जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,



मी डोंबिवलीत राहणारी निवृत्त शिक्षिका. 2001 आणि 2011 अशा दोन जनगणनांमध्ये मी प्रगणक म्हणून काम केलं आहे. आपण मला ओळखत नाही, पण मी भरलेल्या अनुसूची आपल्या कार्यालयाच्या यंत्रांतून गेल्या आहेत आणि देशाच्या बेरजेत त्या माणसांची भर पडली आहे. त्या माणसांपैकी एक मुलगी मला अजून आठवते. तिच्यासाठी, माझ्या स्वतःच्या मुलीसाठी आणि त्या दोघींसारख्या असंख्य मुलामुलींसाठी हे पत्र लिहीत आहे.

फेब्रुवारी 2011 मधली गोष्ट. शाळा सुटली की चारच्या सुमाराला मी निघायची. पिशवीत गटाचा नकाशा, ओळखपत्र, दोन काळी बॉलपेनं आणि पाण्याची बाटली. अनुसूचींना घडी घालायची नाही अशी ताकीद होती, म्हणून त्या पॅडला लावून छातीशी धरायच्या. माझा प्रगणन गट डोंबिवली पश्चिमेला होता. जुन्या चाळी, त्यांना टेकून चार-चार मजल्यांच्या इमारती आणि रुळांवरून दर दोन-तीन मिनिटांनी जाणारी लोकल. गाडी आली की प्रश्न अर्ध्यावर थांबवायचा, गेली की पुढे चालू.

त्या घरात तिघंच होती. वडील रात्रपाळी करून आलेले, खाटेवर टेकून बसले होते. आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. मुलगी बारावीची, दाराजवळच्या उजेडात पुस्तक घेऊन बसलेली. वडील साताऱ्याकडचे मराठा. आई बौद्ध, आणि तिने ते मला स्वतःहून, न विचारता सांगितलं. लाटणं हातात तसंच ठेवून म्हणाली, "माझा धर्म बौद्ध लिहा आणि जात महार लिहा. खाडाखोड करू नका." मी लिहिलं. आपल्याला माहीतच आहे, 2011 च्या अनुसूचीत अनुसूचित जातीसाठी 1, जमातीसाठी 2 आणि दोन्ही नसेल तर 3 असा आकडा चौकोनात भरायचा होता. आईच्या ओळीत मी 1 लिहिला.

मुलीच्या ओळीवर आले तेव्हा वडील म्हणाले, "तिचं माझ्याप्रमाणे." मी पेन टेकवलं, तर मुलगी पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "आईचं लिहिलं तसं माझं का नाही लिहायचं?"

वडील काही बोलले नाहीत. आईही बोलली नाही, पण लाटण्याचा आवाज थांबला. तिघंही माझ्याकडे बघत होती. आम्ही प्रगणक आपसात एकच धरून चालायचो, मुलांची जात बापाची. कुणी ते कधी तपासून पाहिलं नव्हतं, कारण कुणाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. मी त्या मुलीच्या डोळ्यांदेखत चौकोनात 3 लिहिला.

मग अपंगत्वाचा एक प्रश्न झाला आणि मातृभाषेचा रकाना आला. तिथे मी सवयीने तिला विचारलं, "लहानपणी आई तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलायची?"

हा प्रश्न विचारताना माझं मलाच ऐकू आलं. त्याच कागदावर, हातभर अंतरावर, एका रकान्यात मी तिची आई पुसली होती आणि दुसऱ्या रकान्यात आईशिवाय माझं पान हलत नव्हतं.

महोदय, मातृभाषेची आपली व्याख्या मला तोंडपाठ आहे, कारण प्रशिक्षणात ती घोटून घेतली होती. लहानपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलली ती मातृभाषा. आई लहानपणीच वारली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. तान्ह्या बाळासाठी आणि मूकबधिर व्यक्तीसाठीसुद्धा आई जी भाषा बोलते तीच लिहायची. जे मूल अजून एक शब्द बोललेलं नाही, त्याच्या नावापुढे आपण त्याच्या आईची भाषा लिहितो. इतकी हळवी आणि इतकी अचूक व्याख्या सरकारी पुस्तिकेत क्वचित सापडते. भाषेच्या बाबतीत ज्या कार्यालयाने आईला हा मान दिला, त्याला जातीच्या बाबतीत तो देता येणार नाही असं मला वाटत नाही.

त्या संध्याकाळनंतर अकरा महिन्यांनी, 18 जानेवारी 2012 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने रमेशभाई दाभाई नायका या गुजरातमधल्या खटल्याचा निकाल दिला. आई आदिवासी, वडील क्षत्रिय, मुलाचा दाखला रद्द केलेला. न्यायालय म्हणालं की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात वडिलांची असं गृहीत धरता येईल, पण ते गृहीतक अंतिम नाही. मूल आईच्या समाजात वाढलं, त्या समाजाच्या वाट्याचं हलाखीचं जिणं आणि अपमान त्याच्याही वाट्याला आले, हे दाखवण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. हा निकाल मी वर्तमानपत्रात वाचला आणि पेपर बाजूला ठेवला. बारावीच्या त्या मुलीने मला न्यायालयाच्या आधी तेच विचारलं होतं.

आता माझ्या घरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी हे इतकं जीव तोडून का लिहिते आहे ते कळणार नाही.

माझं माहेर आगरी. डोंबिवलीच्या जुन्या गावठाणातलं. आजोबांची भातशेती होती, तिच्यावर आता इमारती आहेत. सासर कोकणस्थ ब्राह्मण, टिळकनगरातलं. दोन्ही घरांत चालत गेलं तर वीस मिनिटांचं अंतर. 1986 मध्ये आम्ही लग्न केलं तेव्हा माहेरी सहा महिने आणि सासरी दोन वर्षं अबोला होता. 1989 मध्ये मुलगी झाली आणि तिने तो मिटवला. ती गौरीला आजीच्या हातचं घावन-घाटलं खायची आणि मे महिन्यात माझ्या आईकडे तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. इकडे तिला श्लोक पाठ झाले, तिकडे हळदीत नाचणं आलं. टिळकनगरात तिची भाषा वेगळी असायची आणि गावठाणात वेगळी, आणि एकीतून दुसरीत जाताना तिला कधी अडखळावं लागलं नाही.

तिचं लग्न ठरलं ते डोंबिवलीतच वाढलेल्या तमिळ मुलाशी. त्याचे आजोबा नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. हळदीच्या रात्री माझ्या आईने धवलारणीला बोलावलं होतं. आगरी लग्नात धवले म्हणणारी ही बाई म्हणजे आमच्या लोकांची पुरोहितच. सत्तरीची ती बाई मांडवात बसून देवांना, पितरांना एकेक करून लग्नाला बोलावत होती, आणि माझ्या सासूबाई तिच्या शेजारी पाटावर बसून लक्ष देऊन ऐकत होत्या. सकाळी गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली. नादस्वरमवाले मुलाकडच्यांनी माटुंग्याहून आणले होते. त्या मांडवात कुणी कुणाला तुझी जात कोणती असं विचारलं नाही, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची माहीत होती आणि तरीही सगळे एका पंक्तीला बसले होते.

माझ्या त्या मुलीला येत्या जनगणनेत आपला प्रगणक विचारणार, जात कोणती? आणि ती मला विचारते आहे, आई, मी काय सांगू?

वडिलांची सांगितली तर आईचं माहेर खोटं ठरतं. माझी सांगितली तर ज्या बापाने आपल्या घराशी भांडून लग्न केलं तो बाजूला पडतो. नवऱ्याची सांगायची तर तेही खरं नाही. 2018 च्या सुनीता सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की लग्नाने बाईची जन्माची जात बदलत नाही. आणि सहा वर्षांच्या नातवाचं काय? आपल्या व्याख्येप्रमाणे त्याची मातृभाषा मराठी, कारण त्याची आई त्याच्याशी मराठीत बोलते. जात मात्र वहिवाटीप्रमाणे वडिलांची, म्हणजे तमिळनाडूतली, जिचं नाव महाराष्ट्राच्या यादीत शोधून सापडणार नाही. जातींच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या आहेत, पण माणसं आता राज्यागणिक वेगळी राहत नाहीत. निदान डोंबिवलीत तरी नाहीत.

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. हे सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "ती आमची पन हाय ना? मंग आमच्यात पन लिवा तिला."

आईच्या बोलण्यातला तो "पन" आपल्या अनुसूचीत यावा, एवढंच मला मागायचं आहे.

30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने जनगणनेत जातनिहाय गणना करायचा निर्णय जाहीर केला. 16 जून 2025 ला अधिसूचना निघाली. 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख आहे, डोंगराळ आणि बर्फाच्या प्रदेशांत त्याआधीची. 11,718 कोटी रुपये मंजूर झाले आहेत आणि तीस लाखांच्या आसपास माणसं कामाला लागणार आहेत. सगळ्या जातींची याआधीची पूर्ण मोजणी 1931 ची. 1941 मध्ये विचारलं गेलं, पण युद्धाच्या गडबडीत जातीचे तक्ते निघालेच नाहीत, आणि स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या. म्हणजे तब्बल 96 वर्षांनी जनगणनेत सगळ्या जातींची पूर्ण मोजणी होणार आहे.

मी या मोजणीच्या विरोधात नाही, हे ठळकपणे सांगते. माझ्या माहेरच्या समाजाला इतर मागासवर्गात आरक्षण आहे, पण तो समाज किती आहे, किती शिकला, किती जणांच्या जमिनी गेल्या, हे आकड्यात कुणाला सांगता येत नाही. ज्याचं मोजमाप नाही त्याच्यासाठी भांडायचं तर हातात काय घेऊन भांडायचं? मोजणी हवीच. पण 1931 मधला माणूस आणि 2027 मधला माणूस यांत फरक पडला आहे. 1931 मध्ये प्रगणकाला आईची जात आणि बापाची जात वेगळी सापडली तर ती अपवादाची गोष्ट होती. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या 2011-12 च्या पाहणीप्रमाणे देशात साधारण 5 टक्के लग्नं जातीबाहेरची होती. आकडा लहान वाटेल, पण शंभरातली पाच म्हणजे या देशात काही कोटी माणसं होतात.

आणि ही माणसं व्हावीत असं समाजसुधारकांनी आणि सरकारनेही म्हटलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिलं आणि मंडळाने अधिवेशन रद्द केल्यावर स्वतःच छापून काढलं, त्यात जात मोडायचा खरा उपाय म्हणून त्यांनी आंतरजातीय विवाहाकडेच बोट दाखवलं. याच मंडळाने 1931 च्या जनगणनेत आपल्या लोकांना जात सांगू नका म्हणून मोहीम चालवली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 मध्येच आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला. स्वतः बाबासाहेबांनी 15 एप्रिल 1948 रोजी सारस्वत घरातल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. महाराष्ट्र शासन आजही अशा जोडप्यांना, त्यातला एक जण ठरावीक मागास प्रवर्गांतला असेल तर, 50,000 रुपयांचं साहाय्य देतं. जोडप्याचा सत्कार होतो, फोटो निघतो, धनादेश मिळतो. मग त्या जोडप्याला मूल होतं, आणि जनगणनेच्या कागदावर ते मूल अशा लग्नातून जन्मलंच नाही असं दिसतं. ज्या लग्नासाठी सरकारने पैसे मोजले, त्या लग्नाचं फळ सरकारच्या मोजणीतून नाहीसं होतं. हे मला सहन होत नाही.

मिश्र वंशाच्या माणसांची मोजणी चुकली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या देशात आहे आणि माझ्या गावापासून दोन स्टेशनांवर आहे. कल्याणच्या रेल्वे वसाहतीत एकेकाळी अँग्लो इंडियन कुटुंबं राहायची. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, वर्कशॉपमधले फोरमन. कल्याणला रेल्वे 1854 मध्ये पोचली, तेव्हापासूनचा हा संबंध. माझ्या लहानपणी नाताळात त्या बंगल्यांवर लागलेल्या कंदिलांची आठवण माझ्या वयाच्या कल्याणकरांना असेल. आपल्या राज्यघटनेने या समाजाची व्याख्या केली आहे, अनुच्छेद 366 मध्ये. ज्याचा बाप, किंवा बापाच्या बाजूचा कुणी पुरुष पूर्वज, युरोपीय वंशाचा असेल तो अँग्लो इंडियन. आई युरोपीय आणि बाप भारतीय असेल तर तो या व्याख्येत बसत नाही. इथेही बापच. डिसेंबर 2019 मध्ये संसदेत 2011 च्या जनगणनेचा दाखला देऊन सांगितलं गेलं की देशभरात अँग्लो इंडियन फक्त 296 उरले आहेत. हा आकडा चुकीचा असल्याचं सभागृहातच सांगितलं गेलं, समाजानेही तो नाकारला. पण घटनादुरुस्ती झाली आणि 25 जानेवारी 2020 पासून लोकसभा व विधानसभांतल्या त्यांच्या नामनियुक्त जागा संपल्या. त्या जागा असाव्यात की नसाव्यात यावर मतभेद असू शकतात. पण एका मिश्र समाजाबद्दलचा निर्णय असा आकडा पुढे करून व्हावा, जो त्या समाजातल्या कुणालाच ओळखीचा वाटला नाही, ही जनगणनेसाठी दुःखाची गोष्ट आहे. ज्यांची मुळं दोन ठिकाणी, त्यांना एका चौकोनात कोंबलं की ती माणसं एखाद्या चौकोनात सापडतातच असं नाही. कधीकधी ती कुठेच सापडत नाहीत.

आता आपल्या कार्यालयातले अनुभवी अधिकारी काय म्हणतील, ते मला प्रगणक म्हणून थोडंफार कळतं.

पहिली शंका अशी येईल की एका माणसाच्या दोन जाती लिहिल्या तर बेरीज चुकेल. पण भाषेच्या बाबतीत आपण हे काम कित्येक वर्षं करत आला आहात. मातृभाषा एक, आणि शिवाय येणाऱ्या दोन भाषा लिहायला जागा. त्यावरून द्विभाषिक आणि त्रिभाषिक लोकांचे तक्ते आपलंच कार्यालय छापतं आणि त्यात कुठे गोंधळ होत नाही. अमेरिकेने 2000 च्या जनगणनेपासून एकाहून अधिक वंशांवर खूण करायची मुभा दिली. त्या वर्षी 68 लाख लोकांनी ती घेतली. 2020 मध्ये प्रश्नाची रचना सुधारल्यावर हा आकडा 3 कोटी 38 लाखांवर गेला. तिथले तक्ते दोन प्रकारे निघतात, फक्त एकच वंश सांगणारे किती आणि दुसऱ्याबरोबर मिळून सांगणारे किती. इंग्लंडने 2001 पासून मिश्र असा वेगळा गटच ठेवला आहे. निवड दिली म्हणून प्रत्येकाने दोन खुणा केल्या असंही नाही. 2010 मध्ये बराक ओबामा अध्यक्ष असताना त्यांनी आपल्या अर्जावर फक्त कृष्णवर्णीय एवढीच खूण केली, आई गोरी असूनही. तो त्यांचा निर्णय होता. माझ्या मुलीलाही एवढाच अधिकार हवा आहे, आणि तिने उद्या एकच जात सांगायचं ठरवलं तर तेही तिचं तिने ठरवलेलं असेल.

दुसरी शंका गैरफायद्याची. वरच्या जातीच्या बापाचं मूल आईची जात लावून सवलती लाटेल. ही भीती मी क्षुल्लक मानत नाही. माझ्या शाळेत दाखल्यांची प्रकरणं मी पाहिली आहेत, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्या जागा जाताना पाहिल्या आहेत. पण 1948 च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम आपल्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे. जनगणनेतली नोंद कुणाला पाहता येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. प्रमाणपत्र देणारी आणि तपासणारी यंत्रणा वेगळी आहे आणि ती 2012 च्या निकालाप्रमाणे कोण कुठे वाढलं ते बघते. जनगणनेत दोन जाती लिहिल्याने कुणाला एक जागाही जास्त मिळणार नाही. मिळेल ती फक्त खरी माहिती.

तिसरी अडचण खरी आहे आणि ती मी मान्य करते. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीत देशात 46 लाखांहून अधिक जातींची नावं गोळा झाली, हे सरकारने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं आहे. 1931 मध्ये हाच आकडा 4,147 होता. एकट्या महाराष्ट्रात 4,28,677 नावं निघाली. आडनाव, पोटजात, गोत्र, गाव, शुद्धलेखनाचे फरक, सगळं जात म्हणून नोंदलं गेलं. त्यामुळे या वेळी प्रगणकाच्या ॲपमध्ये यादी असावी आणि तिच्यातून निवड करावी, हे बरोबरच आहे. मी यादीविरुद्ध बोलत नाही. त्या यादीतून एक नाव निवडल्यावर दुसरं निवडायची वाट बंद होऊ नये, एवढंच म्हणते. यादी काटेकोर ठेवूनही माणसाला दोन नावं घेता येतात.

महोदय, आणखी एक गोष्ट, जी नियमपुस्तिकेत मावेल की नाही मला ठाऊक नाही. 1948 च्या कायद्यात आठव्या कलमात एक सवलत आहे. घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती कुणावर नाही आणि बाईवर नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही. 2001 मध्ये मला अशा दोन-तीन आज्या भेटल्या. त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, शेजारच्या पोराला खुणेने बोलावून त्याच्या तोंडून वदवून घेतलं. त्या काळच्या कायद्याने बाईच्या मनातली भीड जपली. आज महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम बंधनकारक झाला आहे. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आजीपासून मुलाच्या नावाशेजारी आईचं नाव लागण्यापर्यंत आपण आलो. जातीचा रकाना मात्र अजून त्या आजीच्या काळात आहे.

म्हणून माझी विनंती अशी. जातीचा प्रश्न प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्रपणे विचारला जावा, कुटुंबप्रमुखाची जात खालच्या सगळ्या ओळींत उतरवली जाऊ नये. अठरा वर्षांवरची व्यक्ती घरात असेल तर उत्तर तिच्याच तोंडून घ्यावं. ज्यांचे आईवडील वेगवेगळ्या जातींचे आहेत त्यांना दोन्ही लिहायची सोय असावी, आणि ज्यांना जात सांगायचीच नाही त्यांचं ते उत्तरही आदराने नोंदवलं जावं. आणि हे सगळं प्रगणकाच्या पुस्तिकेत स्पष्ट शब्दांत, उदाहरणासह लिहावं, प्रत्येक भाषेतल्या पुस्तिकेत. प्रगणक बहुतेक वेळा आमच्यासारखे शिक्षक असतात. दिवसभर वर्ग घेऊन संध्याकाळी दारं वाजवतात. पुस्तिकेत जे लिहिलं आहे ते आम्ही मनापासून पाळतो. जे लिहिलेलं नाही तिथे आम्ही सवयीने चालतो, आणि आमची सवय बापाच्या नावाची आहे. मी ती पाळली म्हणूनच सांगते आहे.

2011 मध्ये आमचा ठाणे जिल्हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. 1 कोटी 10 लाख 60 हजार माणसं. पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता. ही माणसं कोकणातून, घाटावरून, खानदेशातून, विदर्भातून, गुजरातेतून, केरळ-तमिळनाडूतून, उत्तरेतून आली आणि आमच्यासारखी आधीपासून इथलीच असलेली त्यांच्यात मिसळली. एका लोकलच्या डब्यात चौथी सीट मागताना जात विचारत नाहीत. त्यातूनच ओळखी होतात, त्यातूनच लग्नं होतात. मोजणीला इथे येणाऱ्या प्रगणकाला दर मजल्यावर एखादं तरी असं घर भेटेल. त्याला काय लिहायचं ते आधी सांगून ठेवा.

बारावीतली ती मुलगी आता तिशी ओलांडून पुढे गेली असेल. ती कुठे असते मला माहीत नाही. तिचं लग्न झालं असेल तर तिच्याही दारात कुणी प्रगणक जाईल आणि तिच्या मुलांसाठी तोच प्रश्न विचारेल. मी तिला 3 लिहिलं होतं. तिच्या आईने ज्या धिटाईने आपलं नाव सांगितलं, त्यातलं काहीही मी तिच्या ओळीपर्यंत पोचू दिलं नाही. या वेळी पेन माझ्या हातात नाही, ते आपल्या हातात आहे.

फेब्रुवारीत आमच्या दारात प्रगणक येईल तेव्हा माझी मुलगी नातवाला घेऊन स्वतः उत्तर द्यायला उभी राहणार आहे. ती आगरी सांगेल, कोकणस्थ सांगेल, आणि मुलाच्या वेळी आणखी एक नाव सांगेल. तिची उत्तरं तयार आहेत. ती लिहून घ्यायला रकान्यात जागा ठेवावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक माजी प्रगणक
डोंबिवली (पूर्व)